मैदान ही कामाचीच जागा

माजी व्यावसायिक खेळाडूच्या आजाराची बातमी येते तेव्हा आपल्याकडे साधारण दोन प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, धोका ठाऊक असूनच तो मैदानात उतरला होता; नाव कमावले, पैसा कमावला, आता परिणाम भोगणे आलेच. दुसरी हळहळते, जुने सामने आठवते आणि मदतनिधी उभा करा म्हणते. पहिली प्रतिक्रिया निष्ठुर वाटते, दुसरी कनवाळू. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: खेळाडूच्या शरीराची झीज हा त्याचा खासगी मामला आहे, आणि समाजाने फार तर दया दाखवायची किंवा दाखवायची नाही, एवढेच ठरवायचे आहे.

हे गृहीतक उथळ आहे. पगार घेऊन, दुसऱ्याच्या हुकमाखाली आणि दुसऱ्याच्या उत्पन्नासाठी जे शरीर रोज आदळले जाते ते श्रमिकाचे शरीर आहे. त्या आदळण्यातून पुढे उद्भवणारा मेंदूचा विकार हा व्यावसायिक रोग आहे. त्याचा प्रतिबंध, तपासणी आणि भरपाई या हक्काच्या गोष्टी आहेत. व्यावसायिक रग्बी युनियन खेळाडूची कारकीर्द हे याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, म्हणून या लेखात तिच्या आधारे हा मुद्दा मांडायचा आहे.

बालाघाट जिल्ह्यातल्या उकव्यात बसून रग्बीबद्दल लिहिण्याला कारण आहे. उकवा हे मँगनीजचे गाव. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यातला मँगनीजचा धंदा १८९६ मध्ये एका ब्रिटिश सिंडिकेटपासून सुरू झाला, १९६२ मध्ये त्यातूनच आजची मॉयल कंपनी उभी राहिली, आणि उकव्याची भूमिगत खाण तिच्याच खाणींपैकी एक. कामामुळे माणसाला आजार होऊ शकतो, तो काम सुटल्यावरही बाहेर पडू शकतो आणि त्याचा जाब मालकाला विचारता येतो, ही गोष्ट खदानीच्या गावात नव्याने सांगावी लागत नाही. रग्बीच्या जगाला मात्र ती अजून पटवून द्यावी लागते.

## १. एका कारकिर्दीचे दोन हिशेब

स्टीव्ह थॉम्पसनची कारकीर्द घ्या. जन्म १९७८. नॉर्दम्प्टन सेंट्सकडून तो व्यावसायिक रग्बी खेळू लागला, २००२ मध्ये इंग्लंडच्या संघात आला आणि देशासाठी ७३ सामने खेळला. त्याची जागा हुकरची. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ खेळाडू खांद्याला खांदा लावून एकमेकांवर रेटा देतात, तेव्हा पहिल्या फळीच्या मधोमध जो अडकलेला असतो तो हुकर. मागच्यांचा जोर आणि समोरच्यांचा धक्का या दोन्हींचा भार त्याच्या मानेवर आणि डोक्यावर येतो.

२२ नोव्हेंबर २००३ रोजी सिडनीत विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला २०-१७ असे हरवले. जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटाला जॉनी विल्किन्सनने मारलेला ड्रॉप गोल जगभर दाखवला जातो. त्या चालीची सुरुवात लाइनआउटमधून झाली होती आणि तो चेंडू रांगेच्या टोकापर्यंत अचूक फेकणारा खेळाडू थॉम्पसन होता. २००७ मध्ये मानेच्या दुखापतीमुळे त्याने निवृत्ती जाहीर केली. नंतर तो परतला, फ्रान्समध्ये ब्रीव्हकडून खेळला, इंग्लंडच्या संघातही पुन्हा आला, आणि २०११ मध्ये मानेनेच त्याला कायमचे थांबवले. डिसेंबर २०२० मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, आपल्याला अकाली स्मृतिभ्रंश झाल्याचे त्याने जाहीर केले. विश्वचषक जिंकल्याचे आपल्याला काहीही आठवत नाही, असे त्याने सांगितले.

क्रीडापानांवरचा हिशेब ७३ सामने, एक विश्वचषक आणि दोन निवृत्त्या असा मांडला जातो. त्या हिशेबात आजार हा कारकिर्दीनंतरचा दुर्दैवी योगायोग ठरतो. दुसरा हिशेब कामाच्या तासांचा आहे. त्यात सामन्यांची ८० मिनिटे येतात, तसे आठवड्याचे सगळे सरावही येतात. सरावात स्क्रमच्या यंत्रावर आणि सहकाऱ्यांविरुद्ध तासन्‌तास केलेल्या रेटारेटीबद्दल थॉम्पसनने स्वतःच सांगितले आहे. या हिशेबात आजार ही कारकिर्दीच्या बाहेरची घटना राहत नाही. तो त्याच कामाचा उशिरा मिळालेला परिणाम ठरतो. आणि हा हिशेब एकट्याचा नाही. वेल्सचा अ‍ॅलिक्स पॉफम आणि वेल्सचा माजी कर्णधार रायन जोन्स, न्यूझीलंडचा कार्ल हेमन, सगळे चाळिशीच्या आसपास अशाच निदानाला सामोरे गेले. थॉम्पसन आणि पॉफम यांच्यासह काही खेळाडूंनी जागतिक संघटना आणि इंग्लंड-वेल्सच्या संघटनांविरुद्ध कायदेशीर दावा उभा केला, त्यात पुढे शेकडो माजी खेळाडू सामील झाले.

## २. हौसेचे नोकरीत रूपांतर

रग्बी युनियनचा इतिहास पैशाच्या प्रश्नाभोवतीच फिरतो. उत्तर इंग्लंडच्या क्लबांतले बरेच खेळाडू खाणी आणि गिरण्यांतले कामगार होते. सामन्यासाठी पाळी बुडाली की मजुरी बुडे. ती भरून द्यावी, एवढीच मागणी होती. संघटनेने नकार दिला आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे क्लब फुटून निघाले; त्यातूनच रग्बी लीग हा वेगळा खेळ जन्मला. उरलेल्या रग्बी युनियनने हौशीपणाचे सोवळे शंभर वर्षे जपले. २६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने ते सोडले आणि खेळाडूला उघडपणे पगार देण्याची मुभा मिळाली.

हा बदल खिशापुरता नव्हता. हौशी खेळाडूला सोमवारी कामावर जायचे असे. शरीर किती झिजवायचे, याला त्याच्या दुसऱ्या नोकरीनेच मर्यादा घातलेली होती. पगार सुरू झाल्यावर तीन गोष्टी एकदम बदलल्या. एक, वेळ: सगळा आठवडा सरावासाठी मोकळा झाला. दोन, शरीर: व्यायामशाळा, आहार आणि शास्त्रशुद्ध तयारी यांमुळे खेळाडू अधिक वजनदार आणि वेगवान झाले, म्हणजेच प्रत्येक धडकेतली ताकद वाढली. तीन, आणि सर्वांत महत्त्वाचे, ताबा: किती सराव, कसा सराव, दुखापतीनंतर कधी परत, हे ठरवण्याचा अधिकार खेळाडूकडून क्लबकडे गेला. करार नूतनीकरणासाठी समोर असताना डोके जड वाटते म्हणून बाजूला बसणे सोपे नसते.

कामगार कायद्यात नोकरी ओळखण्याच्या कसोट्यांपैकी प्रमुख कसोटी हीच असते: कामाची रीत कोण ठरवतो? या कसोटीवर व्यावसायिक रग्बीपटू निःसंशय कर्मचारी ठरतो. १९९५ मध्ये रग्बीने मालक-नोकर हे नाते स्वीकारले. त्या नात्यातल्या मालकाच्या जबाबदाऱ्या मात्र त्याच दिवशी लिहिल्या गेल्या नाहीत. थॉम्पसनची पिढी नेमकी या पोकळीत खेळली.

## ३. व्यावसायिक रोगाच्या चार कसोट्या

एखादा आजार व्यावसायिक आहे असे म्हणण्यासाठी चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, इजेचे साधन. कामात असे काही आहे का, जे शरीराला इजा करते? मँगनीजच्या बाबतीत ते धूळ आणि धूर आहे. १८३७ मध्ये ग्लासगोच्या कूपर या डॉक्टरने मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांतला चेतासंस्थेचा विकार प्रथम नोंदवला. १९५५ मध्ये मोरोक्कोच्या खाणकामगारांवर रोडिए यांचा अभ्यास आला आणि चित्र अधिक स्पष्ट झाले. हालचाली मंदावणे, चेहरा निर्विकार होणे, चाल बिघडणे. आणि त्याआधी बरेचदा स्वभावातला बदल. रग्बीत हे साधन म्हणजे डोक्याला पुन्हा पुन्हा बसणारा हिसका. त्यात शुद्ध हरपवणारा मोठा आघात असतो, पण मैदानावर कुणाच्या लक्षातही न येणारे हजारो छोटे हिसकेही असतात.

दुसरी, मात्रा. जितका संपर्क जास्त तितका धोका जास्त, असे नाते दिसते का? २०२३ मध्ये ३१ मृत रग्बीपटूंच्या दान केलेल्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या २१ मेंदूंत, म्हणजे ६८ टक्क्यांत, वारंवारच्या आघातांमुळे होणारा मेंदूविकार आढळला, आणि खेळाचे प्रत्येक जादा वर्ष धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढवत होते. मेंदू दान करणाऱ्यांत आजाराची शंका आलेल्यांचे प्रमाण अधिक असते, त्यामुळे ६८ हा आकडा सर्व खेळाडूंना लावता येणार नाही. पण वर्षांचे आणि धोक्याचे नाते त्याने डळमळीत होत नाही, आणि मात्रेच्या कसोटीला हवे ते तेवढेच आहे.

तिसरी, इतरांशी तुलना. त्याच वयाच्या सामान्य लोकांपेक्षा या कामगारांत हा आजार अधिक आहे का? ग्लासगोचेच डॉ. विली स्ट्युअर्ट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंची तुलना सामान्य लोकांशी केली. मेंदूची झीज करणाऱ्या आजारांचा धोका या खेळाडूंत अडीच पटींहून अधिक निघाला. त्याआधी २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंत अशा आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे साडेतीन पट असल्याचे त्यांनी दाखवले होते.

चौथी, काळाचे अंतर. काम आणि आजार यांच्यात वर्षे जातात का? याच अंतरात व्यावसायिक रोग लपतो. माणूस काम सोडून गेलेला असतो, मालक बदललेला असतो, कागद हरवलेले असतात. घरच्यांना दिसतो तो फक्त चिडचिडा, विसरभोळा, एकाएकी बदललेला माणूस. कुणी त्याला दारूचा दोष देते, कुणी स्वभावाचा. व्यावसायिक रोगाची पहिली लक्षणे घरात चारित्र्याचा दोष म्हणून वाचली जातात, आणि आजाराइतकीच हीही इजा असते.

या चारही कसोट्यांवर रग्बीपटूचा मेंदूविकार उतरतो. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात ही सांगड नवी नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२५ च्या सुमारास घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग देणाऱ्या तरुण कामगार स्त्रियांचा आजार त्यांच्या कामाशी जोडून दाखवला. त्याच मार्टलँडनी १९२८ मध्ये मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराचे पहिले शास्त्रीय वर्णन लिहिले. कारखान्यातली बाई आणि रिंगणातला खेळाडू यांच्याकडे एकाच डॉक्टरने एकाच नजरेने पाहिले होते. मधल्या काळात ती नजर आपण गमावली. २००२ मध्ये इंग्लंडचा माजी फुटबॉलपटू जेफ अ‍ॅस्टल ५९ व्या वर्षी वारला. चेंडू वारंवार डोक्याने मारल्याने त्याच्या मेंदूला इजा झाली होती, आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण नोंदवले: औद्योगिक रोग. विचाराचा रस्ता तेव्हाच मोकळा झाला होता. खेळाच्या संस्था त्या रस्त्याने चालल्या नाहीत.

## ४. आक्षेप आणि उत्तरे

आक्षेप पहिला: त्याने स्वखुशीने धोका पत्करला. खाणीत उतरणारा कामगारही स्वखुशीने अर्ज करतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या न्यायालयांनी या स्वखुशीचा आधार घेऊन मालकांना वर्षानुवर्षे सोडून दिले. पण १८९१ च्या स्मिथ विरुद्ध बेकर खटल्यात चित्र पालटले. डोक्यावरून क्रेनने दगड नेले जात असताना खाली खडक फोडणाऱ्या कामगाराला इजा झाली होती. धोका ठाऊक असूनही तो काम करत राहिला, म्हणजे मालकाच्या निष्काळजीपणाला त्याने संमती दिली असे होत नाही, असा निकाल तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने दिला. आपल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने तर भरपाईचा हक्क सोडून देणारा करारच निरर्थक ठरवला. यामागचा विचार खोल आहे. पोटापाण्याच्या गरजेपोटी दिलेली संमती पूर्ण संमती नसते. शिवाय संमतीला माहिती लागते. हाड मोडेल, खांदा निखळेल, हे थॉम्पसनला माहीत होते. चाळिशीत पत्नीचे नाव आठवेनासे होईल, हे त्याला कुणी सांगितले होते? न सांगितलेल्या धोक्याला संमती देता येत नाही.

आक्षेप दुसरा: त्याला भरपूर पैसा मिळाला. पगार हा कामाचा मोबदला असतो, अवयवाची किंमत नसते. जास्त पगाराच्या अभियंत्यालाही खाणीत इजा झाली तर त्याचा हक्क बुडत नाही. आणि रग्बीतला पैसा फुटबॉल किंवा क्रिकेटसारखा नाही. बहुतेक खेळाडूंची कमाई दहा-बारा वर्षांच्या खिडकीत बसलेली असते, त्यानंतर दुसरे काम शोधावे लागते. स्मृतिभ्रंश नेमके ते दुसरे आयुष्य हिरावतो. म्हणून भरपाईचा हिशेब खेळाच्या वर्षांत किती मिळाले यावर न करता, उरलेल्या आयुष्यातली किती कमाई आणि किती स्वावलंबन गेले यावर करायला हवा.

आक्षेप तिसरा: पुरावा अपुरा आहे. वारंवारच्या आघातांमुळे होणाऱ्या मेंदूविकाराचे पक्के निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. एखाद्या व्यक्तीचा आजार खेळामुळेच झाला, हे निर्विवाद सिद्ध करणे अवघड आहे. हा आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो व्यावसायिक रोगांच्या कायद्याने फार पूर्वीच सोडवला आहे. १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात रोगांची यादी होती. मँगनीजमुळे होणारे आजार तिच्यात होते. यादीतल्या कामावर किमान सहा महिने सलग असलेल्या कामगाराला यादीतला रोग झाला, तर तो कामामुळेच झाला असे गृहीत धरले जाई. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. एकट्या आजारी माणसाच्या खांद्यावर विज्ञानाची सगळी अनिश्चितता टाकायची नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. रग्बीत गटपातळीवरचा पुरावा एवढा भक्कम आहे की हेच तत्त्व तिथे लावणे न्याय्य ठरेल.

आक्षेप चौथा: खाणीत धूळ हा उपपदार्थ आहे, रग्बीत धडक हाच माल आहे. सर्व आक्षेपांतला हा सर्वांत वजनदार आहे. धूळ काढून टाकली तरी खनिज मिळते. धडक काढून टाकली तर रग्बी उरत नाही. हे मान्य करूनही दोन गोष्टी शिल्लक राहतात. प्रेक्षक तिकीट काढतो ते सामन्यातल्या धडकेसाठी. आठवडाभराच्या सरावातली धडक कुणीही पाहत नाही, आणि मेंदूवरच्या एकूण भारात तिचा वाटा मोठा आहे. ती कमी केल्याने खेळाचा कणही कमी होत नाही. जागतिक संघटनेने २०२१ मध्ये सरावात पूर्ण जोराच्या धडकांना आठवड्याला १५ मिनिटांची मर्यादा सुचवली. म्हणजे टाळता येणारा भाग मोठा होता हे संघटनेनेच मान्य केले. उरलेला, खरोखर न टाळता येणारा धोका राहतोच. पण जिथे धोका धंद्याच्या गाभ्यात आहे, तिथे धंद्याची जबाबदारी वाढते. टाळता येत नाही म्हणून भरपाई नको, हे तर्कट उलटे आहे.

आक्षेप पाचवा: अशाने खेळ मरेल. भूमिगत खाणींवर कायद्याने वायुवीजन, पाणी मारून छिद्रण, वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण असे एकेक बंधन आणले तेव्हाही धंदा बुडेल असे म्हणणारे होतेच. उकव्याची खाण चालू आहे. रग्बीनेही अलीकडे डोक्याच्या इजेची सामन्यादरम्यान तपासणी, इजेनंतर सक्तीची विश्रांती आणि २०२४ पासून वरच्या पातळीवर धडकेचा जोर मोजणारे माउथगार्ड आणले. खेळ चालू आहे. खेळाला खरा धोका आई-वडिलांचा विश्वास उडण्याचा आहे. तो विश्वास धोका लपवून टिकत नाही. जबाबदारी घेऊन टिकतो.

## ५. आपल्या देशात हा प्रश्न आजचा आहे

रग्बी भारतात परका नाही. कलकत्त्यात १८७२ च्या नाताळात सामना झाल्याची नोंद आहे. तिथल्या क्लबाने बंद होताना चांदीचे रुपये वितळवून केलेल्या कलकत्ता चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही एकमेकांविरुद्ध खेळतात. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या टिकवला. पण आपला रग्बी दीड शतक हौशीच राहिला. पुण्याची वाहबिझ भरूचा भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली आणि त्याच वेळी फिजिओथेरपिस्ट म्हणून आपला पेशाही सांभाळत होती. २०१९ मध्ये भारतीय महिलांनी सिंगापूरला २१-१९ ने हरवून पंधराजणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला, तोही अशाच खेळाडूंच्या बळावर.

जून २०२५ मध्ये हे बदलले. मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग झाली. सातजणांच्या रग्बीची ही फ्रँचायझी स्पर्धा होती. सातजणांचा खेळ हा रग्बी युनियनचाच प्रकार आहे. भारतात आता पगारी रग्बीपटू ही जमात अस्तित्वात आली आहे. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि नेमका म्हणूनच जबाबदारीचा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

हे खेळाडू येणार कुठून, हेही पाहा. भुवनेश्वरच्या कलिंग समाजविज्ञान संस्थेच्या आदिवासी मुलांनी २००७ मध्ये लंडनची शालेय रग्बी स्पर्धा जिंकली. ओडिशाच्या आदिवासी मुली पुढे देशाच्या संघात पोहोचल्या. अशी गुणवत्ता हेरणारी नजर उद्या गोंड-बैगांच्या बालाघाटकडे वळणे अगदी शक्य आहे, आणि वळावी. पण ज्या घरात बाप खदानीत आणि मुलगा मैदानात, त्या घरात कायद्याची अजब विषमता दिसेल. १९५२ च्या खाण कायद्याने मँगनीजची चेतासंस्थेवरची विषबाधा हा कळवणे बंधनकारक असलेला रोग मानला. नोकरीआधी आणि नंतर ठरावीक काळाने तपासणी सक्तीची केली. कामामुळेच अपात्र ठरलेल्याला पर्यायी काम किंवा भत्ता आणि एकरकमी रक्कम देणे मालकावर टाकले. बापाच्या मेंदूला कायद्याचे कवच आहे. मुलाच्या मेंदूला नाही.

कारण कायद्याच्या याद्यांत खेळाडू बसत नाही. १९२३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात हत्ती सांभाळणारे आणि त्यांना शिकवणारे होते, चित्रपट तयार करणारे होते. त्या यादीच्या कर्त्यांना मनोरंजनाचे श्रम दिसत होते; पगारी खेळाडू तेव्हा नजरेसमोरच नव्हता. या कायद्याचा आशय आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेला आहे. २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही आला, पण त्याचा भर महासंघांचा कारभार, खेळाडूंचे प्रतिनिधित्व आणि तंटे सोडवणे यांवर आहे. खेळाडू हा श्रमिक आहे आणि त्याला कामामुळे रोग होऊ शकतो, हे आपल्या कायद्याने अजून सरळ म्हटलेले नाही. २०१४ पासून व्यावसायिक कबड्डी लीग चालू आहे, तेव्हा हा प्रश्न रग्बीपुरता उरतही नाही.

## ६. सत्काराने हक्क भरून निघत नाही

महाराष्ट्राला पराक्रमी खेळाडूंवर प्रेम करता येते. राजर्षी शाहूंच्या कोल्हापूरने मल्लांना राजाश्रय देऊन ते दाखवले आहे. पण राजाश्रय हा आश्रयदात्याच्या मनावर अवलंबून असतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ मध्ये ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. त्यांच्या उपेक्षेबद्दल आपण पुष्कळ हळहळलो, पण त्या हळहळीतून पुढच्या खेळाडूसाठी कोणता नियम निघाला?

कृतज्ञतेचा दोष असा की ती विजेत्याला शोधते. पदक असेल तर सत्कार, मानधन, पुतळा. राखीव फळीत दहा वर्षे डोके आपटून घेतलेल्या खेळाडूला कुणी ओळखत नाही. त्याच्या मेंदूवर मात्र तेवढाच भार पडलेला असतो. २०२३ च्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला, त्यात खेळाडू किती वरच्या पातळीवर खेळला यापेक्षा किती वर्षे खेळला, हेच महत्त्वाचे ठरले. हक्क विजेता आणि पराभूत असा भेद करत नाही. खाणीत सर्वाधिक खनिज काढणाऱ्यालाच भरपाई, असा नियम कुणी सुचवला तर आपल्याला तो अन्याय वाटेल. खेळात तोच नियम आपण परंपरा म्हणून चालवतो.

## ७. मग करायचे काय?

पाच गोष्टी स्पष्ट लिहून घेतल्या पाहिजेत.

१. सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीत धडकेच्या खेळांतला पगारी खेळाडू नावानिशी यावा. करार एका हंगामाचा असो वा पाच वर्षांचा, त्याने फरक पडू नये.

२. डोक्यावरच्या वारंवारच्या आघातांमुळे होणारा मेंदूविकार व्यावसायिक रोगांच्या यादीत यावा, आणि कामामुळेच झाल्याचे गृहीतक त्याला लागू व्हावे.

३. करारापूर्वी, कारकिर्दीत ठरावीक काळाने आणि निवृत्तीनंतरही मेंदूची तपासणी व्हावी. तिची नोंद क्लबकडे न राहता खेळाडूकडे आणि एका स्वतंत्र यंत्रणेकडे राहावी, कारण हा आजार क्लब विसरल्यानंतर येतो.

४. सरावातल्या धडकांवर मर्यादा असावी आणि ती तपासण्याचा अधिकार संघाच्या प्रशिक्षकाबाहेरच्या कुणाला तरी असावा. खाणीची सुरक्षा केवळ खाणमालकाच्या शब्दावर सोडली जात नाही. त्यासाठी सरकारी खाण सुरक्षा महासंचालनालय असते.

५. लीगच्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा उपचार आणि निर्वाहाच्या निधीत जावा. त्यावर हक्क सर्व नोंदणीकृत खेळाडूंचा असावा, फक्त नामवंतांचा नसावा.

कायदा कागदावर आला की न्याय घरपोच होतो, असा भाबडा विश्वास खदानीच्या गावात कुणाचा नसतो. सिलिकोसिसच्या रुग्णांना देशभर आपले निदान आणि भरपाई यांसाठी झगडावे लागले आहे. पण झगडायला आधार असतो तो कायद्यातल्या त्या दोन ओळींचा. त्या ओळी नसतील तर आजारी माणसाला फक्त विनंती करता येते.

रग्बीच्या जगाने १९९५ मध्ये पगार आधी सुरू केला आणि जबाबदारीचा विचार पंचवीस वर्षांनी, खेळाडू आजारी पडून न्यायालयाची पायरी चढल्यावर केला. मधल्या काळाची किंमत थॉम्पसनच्या पिढीने मोजली. आपल्या देशात व्यावसायिक रग्बी आत्ता सुरू होतो आहे. इथे अजून कुणाची कारकीर्द संपलेली नाही, कुणाचे निदान झालेले नाही, कुणाला खटला भरावा लागलेला नाही. पगाराचा करार आणि जबाबदारीचा नियम हे दोन्ही एकाच वेळी लिहिण्याची संधी ज्या थोड्या देशांना आहे, त्यात आपण आहोत. ती लीगच्या मालकांनी, महासंघाने आणि संसदेने घेतली पाहिजे. आणि पहिल्या पिढीचे खेळाडू चाळिशीला पोहोचण्याआधी घेतली पाहिजे.